माळरान, मेंढरें व विसावा

सह्याद्रीच्या पूर्वेस जो कोरडा मुलूख पसरला आहे, त्याच्या माळांविषयीं या धड्यांत विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे. महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस फलटण-माणाकडे उतरावें तों तो पांचशेंच्या आसपास येऊन ठेपतो. अशा प्रदेशांत दाट अरण्य स्वभावतःच होत नाहीं. तेथें गवत होतें, व मधून मधून बाभूळ, हिवर, बोर. परंतु सरकारी नकाशांत अशा रानाची गणना बहुधा पडीक जमिनींत होते. हा शब्द आमच्या मतें पुष्कळ अनर्थाचें मूळ आहे. जें पडीक, तें कोणाच्याच उपयोगाचें नाहीं असें मानण्यास वेळ लागत नाहीं. मग कोणी तेथें कारखान्यास जागा मागतो, कोणी गिरिपुष्पाचीं रोपें लावितो. आणि ज्या धनगराचीं मेंढरें पिढ्यान्‌पिढ्या तेथें चरलीं, त्यास कोणी विचारीत नाहीं.

धनगराचा वर्षक्रम आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाडा निघतो. कित्येक वाडे घाट उतरून कोंकणांत जातात, कित्येक देशावरच फिरतात, आणि पावसाच्या तोंडावर गांवीं परततात. कारण चिखलांत मेंढरांचे खूर सडतात. वाटेंत रात्रीं वाघर लावून कळप शेतांत बसवितात. शेतकऱ्यास लेंडीखत मिळतें, धनगरास धान्य किंवा पैसे. या फिरण्यांत पावसाचा व चाऱ्याचा मोठा बारीक हिशेब असतो.

तो हिशेब आतां चुकूं लागला आहे. पृथ्वीवरील उष्णता वाढत आहे. उष्ण हवा अधिक बाष्प धरून ठेविते. त्यामुळें पाऊस थोडक्या वेळांत कोसळतो, आणि मध्यें लांब उघडीप पडते. सन २०२१ च्या डिसेंबराच्या आरंभीं पुणें व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांत अवकाळी पाऊस व गारठा एकदम आला, आणि उघड्या रानांत बसलेलीं शेंकडों मेंढरें काकडून मेलीं. एका प्रसंगावरून सिद्धांत बांधूं नये हें खरें. पण ज्याची सर्व पुंजी चार पायांवर उभी आहे, त्यास असा एक प्रसंगही पुरतो.

अशा दिवसांत माळ धड असला तरच कळप तगतो. तो बिघडतो कसा हें प्रथम पाहावें. मारवेल, पवन्या, शेडा हीं चांगलीं गवतें जनावरांस गोड लागतात, म्हणून तींच आधीं खाल्लीं जातात. पावसाळ्यांत कोंब वर येतांच वारंवार कुरतडला गेला, तर मुळांत सांठा राहत नाहीं व बीं धरत नाहीं. मग कुसळी माजते; तीही गेली कीं उघड्या मातीवर कठीण पापुद्रा बसतो, आणि पडलेलें पाणी मुरण्याऐवजीं वाहून जातें.

यावर पुष्कळ गांवांनीं चराईबंदीचा उपाय केला. राळेगण सिद्धी येथें १९७५ नंतर व हिवरे बाजार येथें १९९० नंतर चर, बांध व बंदी यांच्या योगें उजाड माळ हिरवे झाले, हें आम्ही आनंदानें सांगतों. तथापि विळ्यानें कापून न्यावयाचें गवत ज्याच्या दारीं गोठा आहे त्याच्या कामाचें. फिरत्या मेंढपाळास गोठा कोठला? एका गांवानें वाट बंद केली कीं त्याचा कळप शेजारच्या माळावर पडतो, आणि तो माळ दुप्पट झिजतो.

म्हणून बंदीस मुदत असावी. माळाचे तीन-चार भाग करावे. एका भागास पहिल्या पावसापासून बीं गळेपर्यंत, म्हणजे सुमारें कार्तिकापर्यंत, पूर्ण विसावा द्यावा, व पुढील वर्षीं दुसऱ्या भागास. बीं गळाल्यावर तेथें थोडे दिवस मेंढरें सोडिलीं तर खुरांनीं पापुद्रा फुटतो, बीं मातींत दाबलें जातें, व लेंडीचें खतही पडतें. (शेळी कोवळें झुडूप सोडीत नाहीं, तिची गोष्ट निराळी.)

माळ वनखात्याकडे असल्यास २००६ चा वनहक्क कायदा पाहावा. त्यांत चराईचा, तसाच फिरत्या पशुपालकांच्या ऋतुमानाप्रमाणें होणाऱ्या वापराचा हक्क लिहिला आहे, व दावा ग्रामसभेपुढें मांडतां येतो. अडचण इतकीच कीं, अनुसूचित जमातींखेरीज इतरांस तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. आणि जो आठ महिने वाटेवर असतो त्याजपाशीं कागद थोडेच असतात. संयुक्त राष्ट्रांनीं २०२६ हें वर्ष गवताळ रानें व पशुपालक यांचें म्हणून ठरविलें, पण त्यानें या धनगराच्या हातीं कागद येत नाहीं. गांवच्या वृद्धांची साक्ष मात्र नियमांप्रमाणें पुरावा म्हणून चालते.

शिक्षकांनीं हा धडा घरांत बसून घेऊं नये. मार्गशीर्षांत वाडा गांवाजवळ उतरला म्हणजे वर्गास माळावर न्यावें. वाड्यांतील म्हाताऱ्यास गवतांचीं नांवें विचारावीं, कोणतें आतां दिसेनासें झालें तेंही विचारावें, आणि वाडा केव्हां येतो, कोठें उतरतो, किती वर्षांपासून येतो, हें सर्व त्याच्यासमक्ष लिहून घ्यावें. माळ बंद करण्याचा ठराव ज्या ग्रामसभेंत यावयाचा असेल, तींत तो कागद ठरावाच्या आधीं वाचला जावा, व सभेचा दिवस वाडा गांवांत असतांनाचा धरावा.