उघडी वही आणि वाचणारे डोळे
(डेबियन या मुक्त संगणकप्रणालीचा परिचय)

१. प्रास्ताविक

प्राथमिक शाळांत संगणक येऊन आता बराच काळ लोटला आहे. विद्यार्थी त्यावर चित्रे काढतात, शिक्षक माहितीचे तक्ते भरतात. परंतु पडद्यामागे चालणारी कार्यप्रणाली कोणी घडविली, तिच्यात चूक निघाल्यास ती कोण सुधारतो आणि ती दुसऱ्यास देण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न वर्गात क्वचितच निघतात. विंडोज १० या प्रणालीचे नेहमीचे साहाय्य मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले, तेव्हा यंत्र धडधाकट असूनही त्याचे पुढे काय करावे, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला. या सर्व प्रश्नांचा विचार ज्या प्रणालीने प्रारंभापासून केला, अशी एक प्रणाली म्हणजे डेबियन होय.

२. मुक्त प्रणाली म्हणजे काय?

कार्यप्रणाली ही यंत्र आणि मनुष्य यांच्यामधील कारभारी आहे. कळ दाबली की अक्षर पडद्यावर आणणे, लिहिलेला मजकूर जपून ठेवणे, अनेक कामांना पाळीपाळीने यंत्राची शक्ती वाटून देणे, ही तिची कामे. ती माणसांनीच लिहिलेली असते. त्या लिखाणास मूळ संहिता म्हणतात. यंत्रास दिले जाणारे तिचे रूप माणसास सहजी वाचता येत नाही. पुष्कळ कंपन्या तेवढेच रूप विकतात आणि मूळ संहिता आपल्यापाशी ठेवतात. गणिताच्या पुस्तकात केवळ उत्तरे छापावीत आणि रीत मात्र देऊ नये, तसाच हा प्रकार होय.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू या योजनेची घोषणा केली. प्रणाली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांस वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास असावे, हे तिचे तत्त्व. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला. तोच लिनक्स होय. १९९२ साली तो जीएनयूच्या परवान्याखाली आला. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे शब्द वेगळे आहेत, ही मोठी सोय आहे. डेबियन मोफत मिळते हे खरे, पण तिचे मर्म मुक्ततेत आहे.

३. डेबियनचा उदय व घडणीची रीत

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा इयन मरडॉक हा वीस वर्षांचा विद्यार्थी. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने या योजनेची घोषणा केली. डेब्रा ही त्याची मैत्रीण, पुढे पत्नी. तिचे आणि स्वतःचे नाव जोडून त्याने ‘डेबियन’ हे नाव सिद्ध केले. आज जगभरातील स्वयंसेवक ही प्रणाली सांभाळतात. तिच्यात साठ हजारांहून अधिक संच आहेत आणि त्यांतील प्रत्येकाची जबाबदारी कोणा तरी पालकाने किंवा गटाने घेतलेली असते. कार्याचा प्रमुख सभासदांच्या मतांनी दरवर्षी निवडला जातो.

नवा संच प्रथम ‘अस्थिर’ शाखेत येतो. काही दिवस तेथे गंभीर दोष आढळला नाही, तर तो ‘चाचणी’ शाखेत जातो. दीर्घ तपासणीनंतर, साधारणपणे दोन वर्षांनी, ‘स्थिर’ आवृत्ती प्रसिद्ध होते. तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघाली. आवृत्त्यांची नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांवरून ठेवतात. अस्थिर शाखेचे नाव कायमचे ‘सिड’ आहे. सिड हा त्या चित्रपटातील खेळणी मोडणारा मुलगा!

४. एका चुकीचा इतिहास

या कार्याचे खरे स्वरूप त्याच्या यशापेक्षा एका चुकीवरून अधिक कळते.

दूरच्या दोन संगणकांना गुप्तपणे बोलता यावे यासाठी ओपन-एसएसएल हा संच संख्यांच्या किल्ल्या तयार करतो. किल्ली परक्यास ओळखता येऊ नये, म्हणून तिच्या मुळाशी कोणताही नियम नसलेल्या संख्या असाव्या लागतात. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या या संचातून संहितेच्या काही ओळी वगळण्यात आल्या. तपासणीच्या एका साधनाने त्या ओळींविषयी इशारा दिला होता. बदल करणाऱ्याने जाणकारांस आधी विचारलेही होते. हेतू शुद्ध होता, परंतु अनियमितता पुरविणारा झरा नेमका त्याच ओळींत होता. तो आटल्यावर यंत्रातील चालू कामाचा क्रमांक तेवढा उरला, आणि त्याच्या शक्यता जास्तीत जास्त ३२,७६८. जी किल्ली असंख्य किल्ल्यांतून ओळखता येऊ नये, ती आता मोजक्या जुडग्यात सापडू लागली. इतक्या किल्ल्या लावून पाहणे संगणकास मुळीच अवघड नाही.

ही चूक सुमारे वीस महिने सर्वांसमोर उघडी होती. वही उघडी होती, पण त्या पानावर कोणाची नजर थांबली नाही. अखेरीस लुसियानो बेलो या डेबियनच्याच कार्यकर्त्याच्या ती लक्षात आली. १३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर निवेदन काढले : चूक कोणती, ती केव्हापासून, कोणत्या किल्ल्या निरुपयोगी ठरल्या आणि त्या कशा ओळखाव्यात. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूसही तोच दोष लागला होता, त्यामुळे तिनेही दुरुस्ती प्रसिद्ध केली. ठिकठिकाणच्या व्यवस्थापकांना नव्या किल्ल्या कराव्या लागल्या. नाचक्की झाली, परंतु लपवाछपवी झाली नाही. आपले दोष लपवावयाचे नाहीत, असे वचन या संस्थेने १९९७ सालच्या आपल्या सामाजिक करारातच दिले होते.

५. शिक्षकांसाठी बोध

उघडेपणा चूक टाळत नाही. तो चूक सापडण्याची वाट मोकळी ठेवतो, आणि त्या वाटेने चालावे माणसांनीच लागते. फळ्यावरील बेरीज चुकली असता ती मुकाट्याने पुसणारा शिक्षक आणि ‘माझे येथे चुकले, कोठे ते शोधा’ असे म्हणणारा शिक्षक, यांच्या वर्गांत जो फरक पडतो, तोच येथे दिसतो.

डेबियनचे बीज शाळांतही रुजले आहे. नॉर्वेमध्ये २००१ साली सुरू झालेले स्कूललिनक्स पुढे डेबियनशी एकरूप झाले. केरळातील शाळांची प्रणाली उबुंटूवर आधारित आहे. मुख्यालय पुण्यास असलेल्या सी-डॅक संस्थेच्या चेन्नई केंद्राने सिद्ध केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच उभी आहे.

शाळेत प्रयोग करावयाचा झाल्यास प्रथम पेनड्राइव्हवरून ही प्रणाली चालवून पाहावी. त्यामुळे यंत्रातील मजकुरास धक्का लागत नाही. छपाईयंत्र आणि नित्याची कार्यालयीन कामे चालतात याची खात्री करावी, सर्व माहितीची प्रत काढावी, मगच कायमची स्थापना करावी. अगदी जुन्या ३२ बिटी यंत्रांवर तेराव्या आवृत्तीची स्थापना होत नाही, हेही ध्यानात असावे.

स्थापनेच्या वेळी भाषांच्या यादीत मराठीही आढळते. ते भाषांतर माणसांनीच केलेले आहे. त्यात एखादा शब्द खटकला, तर तो कळविण्याचा अधिकार खेड्यातील शिक्षकासही आहे. वहीवर मराठी मजकूर आहे. तो बारकाईने वाचण्यास शिक्षकाहून अधिक योग्य डोळे कोणाचे?

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

(१) ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ यांतील भेद विद्यार्थ्यांस कोणत्या उदाहरणाने पटवून द्यावा?
(२) २००६ सालची चूक सर्वांसमोर असूनही इतका काळ का सापडली नसावी?
(३) वर्गात स्वतःची चूक कबूल करण्याची सवय लावण्यास कोणता उपक्रम योजावा?