कंपवात : औषधाचा अंमल आणि घरची नोंदवही

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कंपवाताच्या रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाण्यासाठी बहुधा पुण्याची वाट धरावी लागते. जुन्नरहून हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. एवढ्या प्रवासानंतर डॉक्टरांना रुग्ण दिसतो तो काही मिनिटेच. त्या वेळी औषधाचा अंमल असेल तर प्रकृती समाधानकारक वाटते. ओसरला असेल तर विकार बळावल्यासारखा भासतो. दिवसभराचे खरे चित्र घरच्या माणसांनाच ठाऊक असते.

इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी क्षीण झाल्याने हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात. अनेकांचा हात कापतो. लेव्होडोपा या औषधापासून मेंदूत डोपामिन तयार होते. प्रारंभी उरलेल्या पेशी त्याचा साठा करतात. पुढे ती क्षमता घटते आणि प्रत्येक गोळीचा प्रभाव लवकर संपू लागतो.

चढउतार कसे ओळखावेत?

पुढील गोळीची वेळ होण्यापूर्वीच पाऊल अडखळणे, आवाज क्षीण होणे, कंप वाढणे ही अंमल ओसरल्याची चिन्हे होत. काहींना केवळ घाम, बेचैनी किंवा उदासी जाणवते. याउलट, अंमल शिगेला असताना मान वा हातपाय आपोआप वळवळतात. हा कंप नव्हे. दोन्ही अवस्थांवरील उपाय भिन्न असल्याने त्यांतील भेद डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे.

सकाळी गोठ्यातील कामे उरकणारा माणूस दुपारी उंबरठ्याशीच खिळून राहिला, की घरात ढोंगाचा संशय घेतला जातो. तो अन्यायाचा आहे.

नोंद कशी ठेवावी?

तपासणीपूर्वी तीन-चार दिवस गोळीची व जेवणाची वेळ लिहावी. दर तासाला ‘ठीक’, ‘मंद’ किंवा ‘वळवळ’ यांपैकी एक शब्द नोंदवावा. शाळेत जाणारे मूलही हे काम करू शकेल. दूध, डाळ, अंडी यांतील प्रथिनांमुळे काहींच्या बाबतीत औषधाचा परिणाम घटतो. जेवणाच्या नोंदीवरून ते उमगते.

सह्याद्रीत आढळणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते. परंतु त्यांच्या चूर्णातील मात्रा निश्चित नसते. म्हणून ते परस्पर घेऊ नये. गोळ्यांची मात्राही स्वतः बदलू नये; त्या एकाएकी थांबविल्यास जिवावर बेतू शकते.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदत गट रुग्ण व कुटुंबीयांसाठी कार्य करतो. मात्र पुण्यास निघताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर ही नोंदवही घेण्यास विसरू नये. तिच्या आधारे डॉक्टरांना गोळ्यांच्या वेळा नेमक्या ठरविता येतात.