‘हो’ म्हणालो म्हणून

“काका, तुम्ही बोललातच कशाला? त्या साहेबाला काय स्वप्न पडलं होतं का?”

हे मला विचारणारा माणूस म्हणजे माझ्याकडून भरपूर फी घेऊन अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म भरून देणारा एजंट. त्याचं नाव लिहीत नाही. तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे आणि वकिलांनी तोंड आवरायला सांगितलंय. पण काय झालं ते सांगायला कुणाची बंदी नाही. मावळात माझ्यासारखी माणसं वाडीवाडीवर आहेत. त्यांची पोरं आता डॅलस, टोरंटो, मेलबर्नला आहेत, आणि आईबापांना बोलावताहेत.

माझ्यावरचा गुन्हा २०११ सालचा. पवना धरणाचं पाणी बंद नळातून निगडीला न्यायचं ठरलं तेव्हा इथं जे पेटलं ते मावळच्या माणसाला नव्याने सांगायला नको. ९ ऑगस्टला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे आणि श्यामराव तुपे गेले. त्या दिवसाच्या केसमध्ये मी नव्हतो. माझं नाव आलं त्याच वर्षी जुन्या हायवेवर झालेल्या एका रास्ता रोकोत. कलम १४३, ३४१, १८८ आणि मुंबई पोलीस अधिनियमाचं १३५. दिवसभर ठाण्यात बसवलं, अटकेच्या कागदांवर सह्या घेतल्या, अंधार पडता पडता जामिनावर सोडलं. घरी आलो तेव्हा आईने उंबऱ्यातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. चोरी करून आलो नव्हतो. तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

पुढे वडगावच्या कोर्टात तारखांमागून तारखा झाल्या. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात. जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या वर नसावं, अशा त्यांच्या अटी असतात. आमची केस त्यात बसली, सरकारी वकिलांनी अर्ज दिला, कोर्टाने मंजूर केला. त्या दिवशी कोर्टाबाहेर आम्ही सगळ्यांनी चहा घेतला आणि घरी आलो. विषय संपला.

मग मुलीला दिवस गेले, तिनं दोघांनाही डॅलसला बोलावलं आणि आम्ही एजंटाकडे गेलो. पहिल्याच बैठकीत त्याला सगळं सांगितलं: रास्ता रोको, अटक, जामीन, खटला मागे. घरची मंडळी साक्षीला होती. तो हसून म्हणाला, “काका, केस मागे घेतली ना? मग तुम्ही स्वच्छ.” त्याने फॉर्म स्वतःच्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या ईमेलवरून भरला. मला मिळालं ते कन्फर्मेशनचं एक पान. त्यावर फोटो, नाव आणि बारकोड असतो. कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलंय हे त्या पानावर नसतंच. मी बी.ए. झालेला माणूस आहे, इंग्रजी वाचता येतं. पण जो कागद समोर आलाच नाही तो वाचणार कसा? पूर्ण फॉर्मची प्रत मागितली तर म्हणाला, “ती सिस्टीममधून निघत नाही.” हे साफ खोटं. सबमिट करायच्या आधी आणि नंतरही पूर्ण फॉर्म छापता येतो.

मुलाखत बांद्रा-कुर्ला संकुलात होती. मराठीत बोलायची सोय होती, ते बरं झालं. पलीकडे गोरी, तरुण अधिकारी, तिच्या बाजूला मराठी सांगणारी बाई. मुलगी काय करते, जावई काय करतात, शेती किती, परत कधी येणार, सगळं नीट चाललं होतं. इंद्रायणी तांदळाचं नाव काढलं तर ती हसलीसुद्धा. मग स्क्रीनकडे बघतच तिने आणखी काहीतरी विचारलं आणि दुभाषी बाई म्हणाल्या, “काका, तुम्हाला कधी अटक झाली होती का?”

मी म्हणालो, “हो. २०११ साली. पाण्याच्या आंदोलनात.”

दुभाषी बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्याचं टायपिंग थांबलं. तिने स्क्रीन खालीवर केला आणि सरळ मलाच इंग्रजीत विचारलं, “मग फॉर्मवर ‘नाही’ का लिहिलंय?”

माझ्या अंगावर काटा आला. एजंटाने केलं काय, ते मला त्या काचेपुढे कळलं. आत मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे फोन करायचीही सोय नव्हती. मी म्हणालो, फॉर्म मी भरला नाही, एजंटाने भरला, त्याला मी सगळं सांगितलं होतं. तिने परत स्क्रीन बघितला. “फॉर्म भरायला कुणी मदत केली का, या प्रश्नालाही ‘नाही’ असंच उत्तर आहे.” म्हणजे त्या गृहस्थाने माझी अटक तर पुसलीच, वर स्वतःलाही पुसून टाकलं होतं! मला शाबासकी द्यावीशी वाटते त्याला. गुन्हेगारी पार्श्वभूमी नेमकी कुणाची तपासायला हवी होती?

पत्नीचा व्हिसा मंजूर झाला. मला २२१ (जी) कलमाची चिठ्ठी मिळाली: अटक आणि खटल्याचे सगळे कोर्टाचे कागद इंग्रजी भाषांतरासह आणून द्या, तोपर्यंत निर्णय नाही. बाहेर येऊन एजंटाला फोन लावला आणि वर लिहिलेलं वाक्य ऐकलं. चूक माझी, कारण मी खरं बोललो!

नंतर मुलीने तिकडच्या इमिग्रेशन वकिलाला विचारलं. तो म्हणाला, तुमचे वडील खिडकीवर ‘नाही’ म्हणाले असते आणि पुढे ते उघडं पडलं असतं, तर जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याच्या कलमाखाली अमेरिकेचा दरवाजा जन्मभर बंद होऊ शकला असता. पहिल्याच संधीला आपणहून खरं सांगितलं, तर फॉर्ममधलं खोटं उत्तर वेळेवर दुरुस्त केलं असं धरतात. रास्ता रोकोसारख्या गुन्ह्याने व्हिसा सहसा अडत नाही, तो अडतो लपवाछपवीने. हे मी एजंटाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

आता कामाचं.

अमेरिकेच्या फॉर्मचा प्रश्न असा आहे: कुठल्याही गुन्ह्यासाठी तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का, नंतर माफी वगैरे मिळालेली असली तरीही? ‘कधी’ म्हणजे कधीही. खटला मागे घेतला, निर्दोष सुटलात, वीस वर्षं झाली, काहीही असो. अटक झाली असेल तर ‘हो’, आणि पुढच्या रकान्यात दोन ओळींत हकीकत. ब्रिटनचा प्रश्न वेगळा आहे. तिथे शिक्षा, दंड आणि सध्या चालू असलेला खटला विचारतात. म्हणजे माझ्यासारख्याने अमेरिकेला ‘हो’ आणि ब्रिटनला ‘नाही’ लिहिलं, तरी दोन्ही खरंच. कॅनडा अटक, आरोप, शिक्षा सगळं विचारतो. खोटं सापडलं तर कॅनडा ५ वर्षं दार लावतो, ब्रिटन १० वर्षांपर्यंत, ऑस्ट्रेलिया सहसा ३. तेव्हा एका देशाचं उत्तर दुसऱ्या देशाच्या फॉर्मवर उतरवू नका.

आणि अटक झाली होती का, हे आधी कागदावर बघा. मोर्चातून गाडीत घालून नेलं, पोलीस अधिनियमाच्या ६८ खाली ताब्यात घेतलं आणि ६९ खाली संध्याकाळी सोडलं, एवढंच झालं असेल तर ती बहुतेक वेळा गुन्ह्यातली अटक नसते. आमच्या बरोबरचे निम्मे लोक तसेच सुटले होते. ठाण्यात जाऊन आपलं नाव कशात आहे ते काढा. हे काम सोपं नाही. मला एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात पिटाळलं, कारण २०१८ साली पिंपरी-चिंचवड आयुक्तालय झाल्यावर तळेगावकडचा भाग तिकडे गेला आणि वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीणमध्येच राहिलं. एका ठिकाणी तर खटला संपून इतका काळ लोटला तरी संगणकावर तो ‘प्रलंबित’च दिसत होता. कोर्टाचा आदेश दाखवला तेव्हा हवालदार म्हणाले, “आम्हाला कुणी कळवलंच नाही.” ठाण्याचं नाव सांगत नाही, उद्या पुन्हा तिथंच जायचंय.

शासन निर्णयाची झेरॉक्स घेऊन फिरणाऱ्यांची मला कीव येते. सरकारने खटला मागे घ्यायचं ठरवलं म्हणजे तो संपला असं नाही. सरकारी वकिलाने जुन्या फौजदारी संहितेच्या ३२१ खाली, आता नव्या संहितेच्या ३६० खाली, अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. आरोप ठेवण्याआधी संमती मिळाली तर डिस्चार्ज, नंतर मिळाली तर निर्दोष मुक्तता. बाहेरचा देश तो कोर्टाचा आदेश मागतो, मंत्र्याची घोषणा नाही. ज्या दिवशी आदेश होतो त्याच दिवशी प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. एक नाही, तीन-चार नकला काढा. मी ते काम नंतर केलं तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठा सापडेपर्यंत बराच काळ गेला, आणि तेवढ्यात नातू जन्माला आला. कधी पुण्यापलीकडे एकटी न गेलेली माझी बायको विमान बदलून डॅलसला एकटी पोचली. जुनी रेकॉर्डं मुदतीनंतर नष्टही करतात. तसं झालं असेल तर ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं कोर्टाकडून लेखी घ्या. भाषांतराला नोटरीचे शिक्के मारून पैसे उधळू नका. अमेरिकेला अनुवादकाने ‘दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे’ असं सहीनिशी लिहून दिलेलं चालतं.

ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांची गाडी व्हिसाच्या आधीच, पासपोर्टवर अडते. पासपोर्ट कायद्याच्या ६(२)(एफ) खाली पासपोर्ट नाकारता येतो, पण २५ ऑगस्ट १९९३च्या अधिसूचनेने वाट ठेवली आहे: ज्या कोर्टात खटला आहे त्याची परदेशी जायची परवानगी आणा. अर्जातच किती वर्षांचा पासपोर्ट हवा ते मागा. आदेशात मुदत नसेल तर एकाच वर्षाचा हातात पडतो. नुसता एफआयआर म्हणजे चालू खटला नव्हे, कोर्टाने दखल घ्यावी लागते. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीच्या वेळी हे शांतपणे सांगा. मला शांतपणे जमलं नाही.

तरुण पोरांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, ती डिसेंबर २०२१मध्ये उठेपर्यंत आमच्याकडे चोरून शर्यती झाल्या आणि गुन्हेही दाखल झाले. शेजारच्या गावातल्या एका पोराला वकिलाने सांगितलं, “कबूल कर, पन्नास रुपये भर, सुट.” प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंडच १० ते ५० रुपये. त्याने भरले आणि सुटला. आज तो कॅनडात शिकायला जायचा अर्ज करतोय आणि तिथे त्या पन्नास रुपयांना शिक्षा म्हणतात. ज्यांनी कबूल केलं नाही त्यांना खटले मागे घेण्याच्या सरकारी निर्णयाची वाट तरी धरता आली. लोणावळ्यात तर असे किरकोळ गुन्हे आणि दंड रोजचेच आहेत. ३० जून २०२४ला भुशी धरणाच्या वर एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, आणि पावसाळ्यात तिथे मनाई आदेश निघतात. ते मोडलेत, किंवा बंगल्यावरच्या पार्टीनंतर दारू पिऊन गाडी चालवताना सापडलात, तर कोर्टापुढे उभं राहून ‘कबूल आहे’ म्हणण्याआधी परदेशाचा विचार करा. त्या दंडाची पावती फेकू नका, आणि आदेशाची नक्कल काढा.

बाकी नेहमीचंच: प्रामाणिक राहा, वेळेत अर्ज करा, पैसे रोख देऊ नका, पावती घ्या. अकाउंट मात्र स्वतःच्या ईमेलवर उघडा, आणि एजंट ‘फॉर्म निघत नाही’ म्हणाला तर उठून निघा. व्हिसाची फी १८५ डॉलर, ती परत मिळत नाही. २२१ (जी)ची चिठ्ठी मिळाली तर वर्षभरात कागद दिल्यास नवी फी लागत नाही. माझ्या एजंटाने मला नवा अर्ज करायला सांगितलं होतं, पुन्हा त्याच्याचकडून.

कागद दिले, व्हिसा आला. नातू तोवर बसायला लागला होता. एजंटाची फी परत मिळालेली नाही. आयोगापुढे त्याच्या वकिलाने लेखी म्हणणं दिलंय की फॉर्म अर्जदाराने स्वतः भरला, आमच्या अशिलाने कोणतीही मदत केली नाही, आणि पुरावा म्हणून मदतीच्या प्रश्नापुढचं ‘नाही’ असलेलं पान जोडलंय. जो फॉर्म सिस्टीममधून निघत नव्हता, त्याचंच पान. पुढची तारीख पडली आहे.