मुंबई ते काशी : अंतर आणि प्रवासाचा काळ

काशीयात्रेस निघणारे भाविक नेहमी विचारतात, की मुंबईहून काशी किती दूर आहे आणि विमानाने किती वेळ लागतो? याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. अंतर कोणत्या मार्गाने मोजावे व वेळ कोठून कोठपर्यंत धरावा, हे समजून घेतल्यास यात्रेचे नियोजन अचूक होते.

अंतर

मुंबई व वाराणसी येथील विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १२५० कि.मी. आहे. लोहमार्गाने ते सुमारे १५०० कि.मी. भरते, कारण गाडी कसाऱ्याचा घाट चढून नाशिक, भुसावळ, इटारसी, जबलपूर, सतना या मार्गाने जाते. या प्रवासास एका अहोरात्रीहून अधिक काळ लागतो.

उड्डाणाचा काळ

प्रवासी जेट विमान उंचीवर पोहोचल्यावर ताशी सुमारे ८०० ते ८५० कि.मी. वेगाने जाते. त्या हिशेबाने दीड तास पुरेसा वाटतो. तथापि वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिलेला असतो. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा हा काळ असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे व उतरण्यापूर्वी वेग कमी करणे या सर्वांचा त्यात समावेश होतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचे वेगवान वारे वाहतात. ते जाताना पाठीशी व परतताना समोरून असल्याने परतीस काही मिनिटे अधिक लागतात.

घरापासून गंगातीरापर्यंत

भाविकांनी खरा हिशेब येथे करावा. घरापासून विमानतळापर्यंत दीड तास, उड्डाणापूर्वी दोन तास, विमानात सव्वादोन तास, सामान मिळण्यास अर्धा तास आणि बाबतपूर येथील विमानतळापासून शहरापर्यंतच्या सुमारे २५ कि.मी. अंतरास एक तास धरला, तर एकूण सव्वासात तास होतात. मंदिर व घाटांच्या परिसरातील अरुंद गल्ल्यांत मोटार जात नाही. शेवटचे अंतर पायी जावे लागते. वृद्ध यात्रेकरूंसमवेत असल्यास त्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा.

नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली आहेत. त्यामुळे तिकिटावरील विमानतळाचे नाव निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

तिथी साधावयाची असल्यास

डिसेंबर व जानेवारीत काशीच्या परिसरात पहाटे दाट धुके पडते आणि सकाळची उड्डाणे विलंबाने होतात किंवा रद्दही होतात. श्राद्धादी विधी ठराविक तिथीस करावयाचे असतात. विमान चुकल्यास दुसरे तिकीट मिळते, परंतु गेलेली वार्षिक तिथी पुन्हा वर्षानेच येते. म्हणून विधीच्या दिवशी सकाळी पोहोचण्याचा बेत न करता आदल्या दिवशी दुपारपर्यंत काशीस पोहोचावे. क्षेत्रोपाध्यायांस आपल्या आगमनाची वेळ कळवताना विमान उतरण्याची नव्हे, निवासस्थानी पोहोचण्याची वेळ सांगावी.

पूर्वी महाराष्ट्रातून पायी काशीयात्रेस महिनोन्‌महिने लागत. परत येईन याची शाश्वती नसल्याने यात्रेकरू घरच्यांचा निरोप घेऊनच निघत. आज तोच मार्ग काही तासांत सरतो. वाचलेल्या काळातील एक दिवस भाविकांनी विसाव्यासाठी राखून ठेवावा, म्हणजे दर्शन व विधी शांत चित्ताने घडतील, ही नम्र विनंती.