बँकेचा व्याजदर कोण ठरवतो?



या सदरात आम्ही एरवी बेणे, खते, खोडवा आणि हुमणी यांविषयी लिहितो. यावेळी विषय निराळा आहे. गट सभांतून फिरताना एक प्रश्न आम्हाला सारखा विचारला जातो. "साहेब, ट्रॅक्टरचे कर्ज घेतले तेव्हा व्याज एक होते, मध्येच वाढले. आम्ही तर एकही हप्ता चुकवला नाही. मग वाढवले कोणी?" शाखेत विचारावे तर मॅनेजर सांगतात, वरून आले. हे 'वर' म्हणजे कुठे, याची माहिती काढून खाली देत आहोत. आमचे शिक्षण शेतकी पदविकेचे, अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण ज्या गोष्टीने टनामागे रुपये हलतात ती समजून घ्यायला हरकत नाही.

'वर' म्हणजे मुंबईची रिझर्व्ह बँक. ती १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली आणि १९४९ साली सरकारी मालकीची झाली. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. या बँकेत तुमचे-आमचे खाते निघत नाही. ती बँकांची बँक आहे. रोजच्या देण्याघेण्यात एखाद्या बँकेला पैसा कमी पडला की ती आपल्याकडचे सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेकडे ठेवून थोड्या मुदतीची, बहुधा एका रात्रीची उचल घेते. त्या उचलीवरचा व्याजदर म्हणजे रेपो दर. अडीनडीला आपण दागिना ठेवून पतसंस्थेतून पैसे आणतो, तसाच हा प्रकार. ज्या बँकेकडे पैसा शिल्लक आहे ती तो थोड्या कमी दराने रिझर्व्ह बँकेतच ठेवू शकते. त्यामुळे बँकांचे आपसातले व्यवहार या दराच्या आसपासच फिरतात. शिवाय प्रत्येक बँकेला ठेवींचा ठराविक हिस्सा रोख राखून ठेवावा लागतो. तो हिस्सा वाढवला की कर्जाला पैसा कमी उरतो.

पूर्वी शेवटचा शब्द गव्हर्नरांचा असे. २०१६ साली कायदा बदलला आणि सहाजणांची समिती आली. तीन रिझर्व्ह बँकेचे, तीन केंद्र सरकारने नेमलेले. प्रत्येकाला एक मत. तीन-तीन अशी बरोबरी झाली तर गव्हर्नरांचे जादा मत. साधारण दोन महिन्यांनी बैठक होते आणि निर्णय त्याच दिवशी जाहीर होतो. कोणी कोणत्या बाजूने व का मत दिले, ते चौदाव्या दिवशी छापून येते. (ऊस बिलाची कायदेशीर मुदतही चौदाच दिवसांची आहे. ती सगळीकडे कशी पाळली जाते यावर इथे लिहीत नाही!)

या समितीला नेमून दिलेले काम म्हणजे महागाई आवरणे. लक्ष्य ४ टक्क्यांचे, खाली २ आणि वर ६ पर्यंत सूट. सलग तीन तिमाही या हद्दीबाहेर गेल्या तर रिझर्व्ह बँकेने सरकारला कारणे लेखी कळवायची. २०२२ साली अशी पाळी आलीसुद्धा. कोरोनात धंदे बसले म्हणून मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आणला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले. तेल, खाद्यतेल, खते सगळेच भडकले. एप्रिल २०२२ ची महागाई ७.७९ टक्के निघाली. त्याआधीच, ४ मे रोजी, ठरलेली तारीख नसताना समितीने दर ४.४० केला. मग चढत चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० झाला आणि दोन वर्षे तिथेच राहिला. फेब्रुवारी २०२५ पासून उतार लागला. जून २०२५ मध्ये ५.५० झाला.

आता व्याज वाढवून महागाई कशी उतरते? कर्ज महागले की घर, गाडी घेणारा थांबतो. उसन्या पैशावर माल दाबून बसलेल्या व्यापाऱ्याला तो बाहेर काढावा लागतो. ठेवीवर चार पैसे जास्त मिळतात म्हणून लोक खर्च आखडतात. एकूण मागणी सैल होते. पण हे लगेच होत नाही. कालव्याच्या मुखाशी दार उचलले म्हणून टेलच्या वाफ्यात लगोलग पाणी येत नाही, मधल्या चाऱ्या आधी भरतात. तसेच रेपोचे. त्यातून आपल्या जिल्हा बँका नि पतसंस्था आपले दर स्वतःच्या ठेवींचा खर्च बघून ठरवतात, तेव्हा तिथे बदल आणखी उशिरा येतो. आणि आमचा अनुभव असा की वाढ लवकर पोचते, कपात रेंगाळते.

या औषधाला मर्यादाही आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकला, महागाई ७.४४ टक्के झाली. समितीने ऑगस्टमध्ये दर जैसे थे ठेवला. व्याज वाढवून झाडाला टोमॅटो लागत नाहीत, हे त्यांनाही कळते. शेतकऱ्याला मात्र एक गोष्ट खटकते, आणि आम्हालाही. त्याच्या मालाला भाव आला की त्याला महागाई म्हणतात, पडला की कोणी विचारत नाही. तरी एक फरक ध्यानात ठेवावा. १ जून २०२२ पासून साखर निर्यातीवर आलेली बंधने केंद्र सरकारची होती. त्याचा राग रिझर्व्ह बँकेवर काढून उपयोग नाही. साखरेवर तिचा थेट हात पूर्वी होता. १९५६ साली धान्यापासून निवडक मालाच्या कर्जावर नियंत्रण सुरू झाले, त्यात पुढे साखर आणि गूळही आले. तारणावर दुरावा किती राखायचा हे तिथून ठरे.

आता आपल्या घरचा हिशेब. कारखाना पाच महिन्यांत साखर करतो आणि वर्षभर विकतो, पण ऊस बिल आधी द्यावे लागते. म्हणून पोती तारण ठेवून बँकेतून उचल घ्यायची. समजा, साडेचार लाख टन गाळप झाले आणि तारणावर सरासरी १५० कोटी रुपये सहा महिने वापरात राहिले. (आकडे केवळ हिशेबापुरते, आपल्या ताळेबंदातले नव्हेत.) व्याज एक टक्क्याने वाढले तर सहा महिन्यांचे ७५ लाख जादा, म्हणजे टनामागे सुमारे १६ रुपये ६७ पैसे. २०२२-२३ सारखी अडीच टक्क्यांची वाढ बँकेने पुरी लावली तर टनाला साधारण ४२ रुपये. एफआरपी कायद्याने द्यायचीच. त्यामुळे हा भार पडतो तो वरच्या हप्त्यावर. साखर जितकी दिवस गोदामात, तितके व्याज त्या पोत्यावर चढते, आणि भावाची वाट बघत माल रोखायचा की नाही, यावर वार्षिक सभेत होणारा वाद म्हणूनच निव्वळ भावाचा नसतो.

तुमच्या स्वतःच्या कर्जाचे दोन भाग करा. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला केंद्राची व्याज सवलत आहे: ७ टक्के, वेळेत फेडल्यास ४. राज्याची सवलत त्यावर निराळी. रेपो हलला तरी हे हलत नाही, पण मुदत चुकली की सवलत गेली. ठिबक, पाइपलाइन, ट्रॅक्टर, घर यांचे मात्र तसे नाही. घराच्या बदलत्या व्याजाच्या नव्या कर्जांना व्यापारी बँका १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारखा बाहेरचा दर जोडतात. इतर कर्जांना प्रत्येक बँकेचा नियम वेगळा. म्हणून सही करण्याआधी शाखेत विचारा: व्याज कायम आहे की बदलते? बदलते असेल तर कशाला जोडलेले, आणि किती महिन्यांनी बदलणार? दर वाढला तर हप्ता वाढणार की मुदत? उत्तर तोंडी नको, मंजुरीपत्रावर दाखवायला सांगा. ज्यांची ठिबकची प्रकरणे सध्या बँकेत आहेत त्यांनी मंजुरीपत्र घेऊन गट कार्यालयात यावे, आमचे कर्मचारी ते वाचून दाखवतील.