यात्रातळावरील दुकान : सोय की उपद्रव?

उघड्या माळावर तंबू ठोकून दोन-चार दिवस राहावयास आलेल्या माणसांसाठी त्याच आवारात दुकान असावे की नसावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक भासेल. तथापि ज्या कोणी एखाद्या पंचकल्याणक महोत्सवाच्या व्यवस्थेत अंग मोडून काम केले असेल, त्याला तो क्षुल्लक वाटणार नाही. मंडप कोठे घालावा याविषयी व्यवस्थापक समितीत जेवढा वाद होत नाही, तेवढा दुकानाविषयी होतो. आम्ही व्यापारी आहो. सबब आमचे मत दुकानाच्या बाजूने असणार असे वाचक गृहीत धरतील. तसे ते आहेही. परंतु ज्या कारणांनी आहे ती कारणे धंद्याची नव्हेत.

परदेशात हा प्रश्न करमणुकीच्या निमित्ताने उपस्थित झाला आणि तेथे तो फारसा वाद न होता सुटला. इंग्लंडमध्ये बिली बटलिन या गृहस्थाने १९३६ साली स्केग्नेस येथे सुट्टीकरूंसाठी मोठी छावणी उघडली. भोजन, खेळ, दुकान, सर्व एका कुंपणात, अशी ती योजना होती. फ्रान्समध्ये सुट्टीकरूंचे जे तंबूतळ आहेत, त्यांतील पुष्कळ ठिकाणी एक लहानसे दुकान असते आणि सकाळचा ताजा पाव हवा असेल तर आदल्या सायंकाळी तेथे नाव व संख्या नोंदवून ठेवावी लागते. आमचे एक पुतणे तिकडे जाऊन आले. त्यांनी ही गोष्ट सहज सांगितली आणि आम्ही ती वहीत टिपून ठेवली. जेवढी मागणी तेवढाच माल आणावयाचा, उरावयाचे काही नाही, टाकावयाचे काही नाही. हा धडा आपणही घ्यावा असा आहे. त्याकडे पुढे वळू.

आपल्याकडील यात्रेकरू हा सुट्टीकरू नव्हे. त्याच्या गरजा थोड्या, परंतु अटळ असतात. सुट्टीकरूला अमुक बिस्किट मिळाले नाही तर तो दुसरे घेईल. आपल्या व्रती मनुष्याला सूर्यास्तापूर्वी योग्य वस्तू मिळाली नाही, तर तो उपाशी राहील. येथे आम्हांस एक प्रसंग आठवतो. पुष्कळ वर्षे झाली. एका क्षेत्रावरील महोत्सवास आमच्या गावची मंडळी तीन बसगाड्या करून गेली होती. आमचा तळ गावापासून दोन कोसांवर होता आणि तळावर दुकान म्हणून काहीही नव्हते. आमच्यातील एका वृद्ध काकूंचे तीन उपवास झाले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी पारणे होते. बरोबर आणलेल्या मुगांच्या पिशवीत वाटेत पाणी शिरले होते, हे दुपारी उघडकीस आले. एक स्वयंसेवक गावात धाडला. गर्दीमुळे वाहनांचा रस्ता बंद केलेला. मुलगा चालत गेला, चालत आला, तोवर दिवस मावळून अंधार झाला. बरे, आणलेले मूग निवडलेले नव्हते. दिव्याच्या उजेडात ते निवडणे काकूंना मान्य नव्हते. सकाळी निवडून, शिजवून पारणे व्हावयाचे, तो त्यांना भोवळ आली. डॉक्टर होते म्हणून निभावले. काकूंनी कोणास दोष दिला नाही. उलट त्या मुलाचीच समजूत काढीत बसल्या. पाव शेर मुगासाठी एवढे घडले, हे शल्य मात्र आमच्या मनातून गेलेले नाही.

पुढे समितीत हा विषय निघाला तेव्हा आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, “अण्णा, तीर्थावर मनुष्य काही सोडावयास जातो. तेथे तुम्ही बाजार मांडणार?”

आम्ही म्हणालो, “दादा, बाजार नको, कोठी मांडू.”

“आज कोठी म्हणाल, उद्या तीत चिवडा येईल, परवा खेळणी येतील.”

दादांचे म्हणणे खोटे नव्हते. दुकान एकदा उघडले की ते पसरते, हा आमच्या आयुष्यभराचा अनुभव आहे. म्हणूनच दुकान असावे की नसावे यापेक्षा ते कोठवर असावे, हा खरा प्रश्न आहे. याविषयी आपल्या परंपरेनेच सीमा घालून ठेवल्या आहेत. पालिताण्यास शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून यात्रेकरू वर जातो. वर काही खात नाही, रात्री तेथे राहत नाही, आणि खाली उतरल्यावर तळेटीस त्याला भाते मिळते. डोंगरावर पूजा आणि पायथ्याशी पोटाची सोय, ही विभागणी शतकांपूर्वीची आहे आणि ती सुज्ञपणाची आहे. सम्मेद शिखरावर चढण, टोकांची वंदना आणि उतार मिळून सुमारे २७ किलोमीटरांची वाटचाल होते. तेथेही धर्मशाळा आहेत त्या पायथ्याच्या मधुबनात.

शिखरजीचा उल्लेख आला, म्हणून अलीकडील घटनेचे स्मरण देणे अवश्य आहे. पारसनाथ अभयारण्याच्या भोवतालच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राविषयी केंद्र सरकारची अधिसूचना ऑगस्ट २०१९ मध्ये निघाली. तीत पर्यटनास वाव होता. त्याविरुद्ध २०२२ च्या डिसेंबरात देशभर आपल्या समाजाने मोर्चे काढले, बाजार बंद ठेवले. आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने त्या अधिसूचनेतील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. मद्य-मांस, मोठ्या आवाजातील संगीत यांबरोबरच अनधिकृत तंबू ठोकणे व गिर्यारोहण यांसही पर्वतावर प्रतिबंध करण्याचे निर्देश राज्य सरकारला दिले गेले. वाचकांनी यातील मर्म ध्यानी घ्यावे. समाजाचा विरोध परक्या मनुष्याच्या येण्याला नव्हता. जेथे सुट्टीकरूंचा तळ पडतो तेथे सुट्टीकरूंचे दुकान येते, आणि त्या दुकानात काय विकले जाईल यावर तीर्थाचा अधिकार राहत नाही, ही ती भीती होती. मग जे आपण दुसऱ्यांना सांगितले, ते आपल्या तळांनाही लावले पाहिजे.

आता भावाविषयी. तळावरील दुकानदाराच्या विरुद्ध सर्वसामान्य तक्रार अशी की तो लुटतो. गावातील भाव आणि तळावरील भाव यांत अंतर असते हे खरे. परंतु या लुटीचा उगम कोठे आहे, हे शोधावयास कोणी जात नाही. तो बहुधा समितीच्या स्वतःच्याच टेबलावर असतो! एका क्षेत्रावर आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. समितीने दुकानाच्या जागेचा लिलाव पुकारला. आठ दिवसांच्या जागेसाठी बोली चढत गेली, आणि सर्वांत मोठी बोली देणारास मक्ता मिळाला. सभेत टाळ्या झाल्या, कारण क्षेत्राच्या फंडात चांगली भर पडली होती. तिसऱ्या दिवशी तीच सभासद मंडळी साखरेच्या भावावरून मक्तेदाराशी हमरीतुमरीवर आली. आम्ही त्यांना विचारले की, बोलीची रक्कम त्याने घरून आणावी अशी आपली अपेक्षा होती काय? कुंपणाच्या आतील गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नाही. त्या अडचणीचीच ती बोली होती. जेवढी बोली मोठी तेवढा तो भार लहान मुलाच्या दुधावर आणि म्हातारीच्या गुळावर बसणार. छापील किमतीपेक्षा अधिक घेणे हा वजनमापे-कायद्याखाली अपराध आहे; परंतु सुटा गूळ, सुटी डाळ, भाजी यांवर छापील किंमत नसते, आणि मक्तेदार आपली भरपाई तेथूनच करतो. म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, यात्रातळावरील शिध्याच्या जागेचा लिलाव करू नये. फंड उभारावयास अन्य मार्ग पुष्कळ आहेत.

लिलाव नको, तर मग दुकान चालवावे कोणी? पुढील एका महोत्सवात आम्ही पाच-सहा व्यापाऱ्यांनी ते स्वतः चालवून पाहिले. खरेदीभावावर हमाली, वाहतूक आणि तूट एवढेच चढवावयाचे, भावाची पाटी दारावर लावावयाची, उधारी नाही, आणि काटा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ठेवावयाचा, असा नियम केला. आमची एक फजिती येथे सांगितलीच पाहिजे. आम्ही पडलो धान्याचे व्यापारी. म्हणून धान्याच्या गोण्या भरपूर नेल्या. आणि पहिल्या सायंकाळपासून लोक मागू लागले काय, तर कपडे वाळत घालावयास दोरी, बादली, काडेपेटी, विजेरीचे सेल, पाणी गाळावयाचे छन्ने आणि लहान मुलांसाठी दूध! तूरडाळीच्या गोण्या जशाच्या तशा राहिल्या, कारण समितीची भोजनशाळा चालू असता घरचे वरण कोण लावतो? दुसऱ्या दिवशी टेम्पो धाडून दोरीची भेंडोळी आणविली. डाळ परत आणण्याची वाहतूक अंगावर पडली, ती आम्ही वाटून घेतली.

त्या वेळी पुतण्यांनी सांगितलेली ती पावाची युक्ती मात्र फार उपयोगी पडली. दुधासाठी रोज दुपारी तंबूतंबूतून यादी फिरविली. ज्याने जेवढे सांगितले तेवढेच दूध दुसऱ्या सकाळी आणले. पहिल्या दिवशी यादीविना आणलेले दूध निम्मे नासले होते; यादी सुरू झाल्यावर नासले नाही, आणि कोणी विन्मुखही गेला नाही.

आपल्या तळावरील दुकानाचा खरा कस पिठात लागतो. बाजारातील पुड्यांतील पीठ कित्येक आठवडे टिकते असे त्यावर छापलेले असते. आपल्या व्रती मंडळींना त्याचा काहीच उपयोग नाही. दिगंबर आम्नायात पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस मानतात. मुनिसंघ जवळ असला की चौके लावणारी कुटुंबे शोधलेले धान्य बरोबर आणतात, परंतु दळावयाचे कोठे? म्हणून पुड्यांचे कपाट ठेवण्यापेक्षा एक लहान विजेची गिरणी तळावर ठेवावी, सकाळी धुऊन-पुसून तिच्यावर प्रथम चौक्यांचे दळण द्यावे, असे आम्ही सुचवितो. निवडलेले धान्य, सैंधव मीठ, सुंठ, गूळ, तूप, छन्ने एवढे असले की व्रतींचे भागते. कंदमुळे ठेवावयाची नाहीत हे सांगणे नको. परंतु तयार फराळाच्या पाकिटांत लसणाची वा कांद्याची पूड असते, ती बारीक अक्षरे वाचूनच माल घ्यावा. आणि दिवस मावळण्यापूर्वी खाद्यवस्तूंची विक्री बंद करावी. त्यानंतर औषध, विजेरी आणि तान्ह्या मुलांचे दूध एवढ्यापुरतेच दार उघडे असावे. यावर दादा म्हणाले की, मुलांच्या दुधाची सवलत मोठी माणसे घेतील. घेतील बिचारी एखादी. त्यासाठी तान्ह्यांना रडवू नये.

सरकारी नियमांचे थोडक्यात सांगतो. अन्नसुरक्षेचा जो कायदा २००६ साली झाला, त्याखाली तात्पुरता ठेला लावणाऱ्यासही नोंदणी करावी लागते. धर्मकार्य म्हणून ती टाळू नये. काटाही पडताळणीच्या शिक्क्याचा असावा. सुटे खाद्यतेल विकण्यास सामान्यतः बंदी आहे, तेव्हा तेल बंद डब्यातच घ्यावे.

एक पक्ष अद्याप राहिला, आणि तोच बहुधा विसरला जातो. तो म्हणजे पायथ्याच्या गावचा दुकानदार. वर्षभर तो क्षेत्राच्या दारात बसून चार यात्रेकरूंची वाट पाहतो. उत्सवाचे आठ दिवस हीच त्याची सुगी. त्याच दिवसांत आपण बाहेरून ट्रक भरून आणून खरेदीभावाने विकू लागलो, तर गावकऱ्यांच्या मनात क्षेत्राविषयी काय भाव राहील? पाण्यासाठी, रस्त्यासाठी, राखणीसाठी पुन्हा त्यांच्याच दारी जावयाचे असते. आमच्या त्या प्रयोगात ही चूक आमच्याकडून झाली. गावच्या एका वृद्ध किराणा दुकानदाराने तसे तोंडावर सांगितले; आम्ही निरुत्तर झालो. तेव्हापासून आमचे मत असे बनले आहे की, गाव हाकेच्या अंतरावर असेल तर तळावर दुकान नकोच. भावाची पाटी गावातच लावून घ्यावी. गाव दूर असेल, तर तळावरील जागा प्रथम गावच्याच दुकानदारांना द्यावी, भाडे नाममात्र घ्यावे, भाव आधी ठरवावे, आणि जे ते आणू शकत नाहीत तेवढेच आपण पुरवावे. भाव ठरवितांना त्यांच्या कष्टाचा नफा त्यात धरावा. आम्ही फुकट राबलो म्हणून त्यांनीही राबावे, हा न्याय नव्हे.

श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक १९८१, १९९३, २००६ आणि २०१८ साली झाला. बारा वर्षांच्या क्रमाने पाहता पुढला २०३० च्या सुमारास यावा. त्या वेळी यात्रेकरूंसाठी तात्पुरती उपनगरे वसतात, आणि आपल्या भागातून हजारो मंडळी जातात. आपल्या संघाने आपल्या मंडळींच्या तळापुरता तरी हा विचार आतापासून करावा. आमच्या त्या प्रयोगाची वही, कोणती वस्तू किती खपली, किती उरली, कोणती मागितली आणि आमच्यापाशी नव्हती, या तपशिलासह आमच्या पेढीवर जपून ठेवली आहे. ज्यांच्यावर ही व्यवस्था सोपविली जाईल त्यांनी ती अवश्य घेऊन जावी. दोरीचा आकडा मात्र तिच्यात आहे त्याच्या दुप्पट धरावा. पहिल्या दिवशी जे रिकाम्या हाताने परतले, त्यांची नोंद आम्ही केली नव्हती.