मिसिंग मारणारी जुनी गाडी : आधी तपासा, मग पार्ट बदला

कार्बोरेटरच्या काळात गाडी मिसिंग मारू लागली की आपले कारागीर कान लावून, स्क्रू फिरवून ती बसवत. मारुती ८०० मध्ये २००० साली एमपीएफआय इंजिन आले आणि तो स्क्रू गेला. जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले, तरी त्या पिढीच्या गाड्या गॅरेजात येतातच. तिथे एक वाईट सवय आम्हाला दिसते. आधी इंजेक्टर बदलायचा, नाही जमले तर सेन्सर, मग पंप! गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा होतो, दोष तसाच राहतो आणि ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

घोडबंदर रस्त्यावरचे चेणे घ्या. ठाण्याकडे निघाले की गायमुखचा घाट लागतो आणि वाहतूक तुंबली की गाडी एका जागी उभी. इंजिनाच्या दोन्ही परीक्षा इथेच होतात. म्हणून कारागीर बांधवांनी पहिला सवाल हा करावा : गाडी उभी असताना थरथरते, की चढावर मान टाकते? फक्त उभी असताना थरथरत असेल तर बहुधा हवेचा दोष. चढावर ओढ जात असेल तर स्पार्क किंवा पेट्रोलचा दाब.

सुरुवात मात्र प्लगपासूनच करावी. एकच प्लग काळा, ओला असेल तर दोष त्या सिलिंडरचा. तिन्ही काळे असतील तर पेट्रोल जास्त जाते आहे. पावसाळ्यात, खाडीकाठच्या दमट हवेत हायटेन्शन वायरी स्पार्क गळू देतात. अंधारात बॉनेट उघडून हात न लावता पाहिले तर ठिणगी दिसते. चालू इंजिनाची प्लगवायर ओढून बघण्याची उस्तादांची जुनी रीत इथे सोडावी. त्यात कॉइल आणि कॉम्प्युटर जळू शकतो. त्याऐवजी इंजेक्टरचा एकेक कनेक्टर काढावा. ज्याचा काढून इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी.

मग हवा. थ्रॉटलच्या पुढच्या रबरी नळ्या भेगाळल्या की न मोजलेली हवा आत शिरते. सूं असा आवाज येतो. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्हवरची काजळी साफ करावी. अर्ध्या गाड्या इथेच सुधारतात, असे आमचे मत आहे.

तिन्ही प्लग काळे असतील तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर मीटरने मोजावा. २० अंशांवर साधारण दोन ते अडीच हजार ओम, ८० अंशांवर तीनशेच्या आसपास. तो बिघडला की गरम इंजिनही थंड आहे असे समजून कॉम्प्युटर पेट्रोल ओततच राहतो, आणि बदनाम होतो इंजेक्टर.

शेवटी पेट्रोल. गेज लावून दाब बघावा. या गाड्यांत तो साधारण अडीच ते तीन किलो असतो. कमी भरला तर आधी फिल्टर, मग पंप. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी जुन्या रबरी नळ्या बनलेल्या नव्हत्या, तेव्हा त्या हाताने दाबून बघाव्यात. मऊ पडलेली किंवा तडकलेली नळी लगेच बदलावी. मात्र कोणतीही नळी सोडण्यापूर्वी पंपाचा रिले काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, आणि बॅटरीची मायनस वायर सोडावी. लाइनीत दाब राहिला तर पेट्रोल उडते, आणि शेजारी वेल्डिंगचे काम चालू असतेच.